कुठली माशी

माझा नवरा माश्या बांधायचा. नातेवाइकांना हे सांगितलं की ते हमखास विचारायचे, "माश्या की मासे?" दोन्ही खरं होतं. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा पाण्यावर उतरणारे किडे खातो. गांडूळ न लावता, त्या किड्याची नक्कल करून त्याला फसवायचं, हा यांचा नाद. तांदळाच्या दाण्याएवढा हूक टेबलाला आवळलेल्या छोट्या चिमट्यात पकडायचा आणि त्यावर दोरा, पिसं, सशाचे केस गुंडाळत किडा तयार करायचा. त्या खोट्या किड्याला माशी म्हणायचं. मासा हाती आला की हूक काढून ते त्याला परत पाण्यात सोडत. मी शाकाहारी घरातली. "मी माशांना सोडून देतो म्हणून हिने मला सोडलं नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

जयपुरात ट्राउट कुठला असणार. इथे पिण्याचं पाणी वेळेवर आलं तरी माणसं खूश असतात. पण तरुणपणी ते हिमाचलात एका जलविद्युत प्रकल्पावर होते आणि तिथल्या एका वरिष्ठ इंजिनियरने त्यांच्या हातात पहिल्यांदा गळाची काठी दिली. पुढे माझी विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली, त्यांना जगतपुऱ्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायला मिळालं, मुलगी इथेच जन्मली, आणि बदलीचं गाव आमचं गाव होऊन बसलं. वर्षातून एकदा, कधी परीक्षा आटोपल्यावर तर कधी दिवाळीच्या आधी, ते हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जाऊन यायचे; कधी मीही सोबत जाऊन काठावर बसायची. उरलेलं वर्ष माश्या बांधण्यात जायचं.

सामान मात्र जयपुरातच भरपूर. पावसाळा सरला की कॉलेजच्या आवारात मोरांची पिसं गळून पडलेली असत. ते वर्गावरून येताना दप्तरातून घेऊन येत. मोरपिसाच्या एका काडीचे तंतू हुकावर गुंडाळले की किड्याचं अंग तयार होतं, हिरवट काळं आणि उन्हात चमकणारं. वरून आवळायला सोनेरी तार लागते, ती जुन्या शहरातल्या गोटा-किनारीच्या दुकानातून यायची. दुकानदार विचारायचा, "भाई साहब, लहंगे पर लगेगा या साड़ी पर?" हे गंभीरपणे सांगायचे, "कीड़े पर." कोंबड्याच्या मानेची पिसं कुठून आणायचे ते मी विचारत नसे. ती बेसिनमध्ये शांपूने धुतली जायची, तेव्हा मात्र आमचं भांडण व्हायचं.

या माश्यांना इंग्रजीत मोठमोठी नावं आहेत. यांनी त्यांची आपली नावं ठेवली होती. सगळ्यात बारीक ती घुंगुरटं. पंख उभे असलेली ती पाकोळी. मोरपिसाचं गुबगुबीत अंग असलेला तो भुंगा. कऱ्हाडला नदीकाठी वाढलेला माणूस, त्याला किड्यांची मराठी नावं माझ्यापेक्षा जास्त येत होती. मुलीलाही त्यांनी ती शिकवली. तिचं मराठी तसं अडखळतच चालायचं; शाळा हिंदी-इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मतलब'ने. "बाबा, मतलब मी आज उशिरा येणार." ते लगेच टोकायचे, "मतलब नाही. म्हणजे. म्हणजे म्हण." तीस वर्षांची झाली, बंगळूरला नोकरीला लागली, तरी फोनवर हे चालूच होतं.

ते निवृत्त झाले त्यानंतरच्या थंडीत एके सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून खाली आला. मी फडकं घेऊन आले तर ते माझ्याकडे बघत होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. म्हणाले, "मतलब." मी पुढच्या शब्दाची वाट पाहत थांबले. ते पुन्हा म्हणाले, "मतलब. मतलब."

पुढचा शब्द आलाच नाही. त्या दिवशीही नाही आणि अजूनही नाही.

उजवा हात गेला, उजवा पाय काठीच्या आधाराने थोडा परत आला. वाचा गेली ती त्या एका शब्दावर अडकून. वाचा सुधारणाऱ्या बाई घरी यायच्या, तरुण, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी मला समजावलं की असं होतं. मेंदूत एखादाच शब्द अडकून राहतो आणि माणूस सगळं त्याच शब्दाने बोलू बघतो. तो शब्द त्यांनी निवडलेला नाही. कोणता शब्द उरला हे मी मुलीला सांगितलं नाही, पण तिला न सांगता कळलं. पहिल्यांदा आली तेव्हा ते तिच्याकडे बघून "मतलब" म्हणाले आणि ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली.

समजायचं त्यांना सगळं, निदान बरंचसं. पण हो आणि नाही यांचा भरवसा नव्हता. "चहा हवा?" म्हटलं की मान हलवायचे, आणि कप आणला की तोंड फिरवायचे. कधी नाही म्हणून मग कपाकडे हात करायचे. रडूही यायचं, हसूही यायचं, आणि डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "मॅडम, हसण्या-रडण्यावर त्यांचा ताबा राहणार नाही. दरवेळी त्याचा अर्थ लावायला जाऊ नका." अडतीस वर्षं मी त्या चेहऱ्याचा अर्थ लावत आले होते. ते एकदम थांबवायचं कसं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

त्याच बाई एकदा म्हणाल्या, "इनकी कोई पसंद की चीज़ सामने रखिए." मी कपाटातून ते लाकडी खोकं काढलं. जेवणाच्या टेबलाला चिमटा आवळला, दिव्याची मान वाकवून त्यावर आणली. त्यांनी डाव्या हाताने पिसं चाळली, एक मोरपीस उचललं, ते माझ्या हातात दिलं, हुकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मतलब." पण या वेळी आवाज वेगळा होता. मागितल्यासारखा. कित्येक महिन्यांत त्यांनी काही मागितलं नव्हतं.

मी कधी माशी बांधली नव्हती. बघितली हजारदा होती. मोबाइलवर व्हिडिओ लावला, चष्मा बदलला, आणि दोन दुपारी घालवून एक भुंगा बांधला. तो भुंग्यासारखा कमी आणि केरसुणीच्या तुकड्यासारखा जास्त दिसत होता. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, मान हलवली, बाजूला ठेवला.

"चांगला नाही जमला का?" मी विचारलं.

त्यांनी परत मान हलवली. चांगला नाही म्हणून, की ते नव्हे म्हणून?

"दुसरी हवी? पाकोळी बांधू?"

"मतलब," ते म्हणाले आणि हुकाकडे बोट दाखवलं.

पाकोळी बांधली. नाही. घुंगुरटं बांधलं, त्याला आठवडा गेला, कारण दोरा सारखा तुटायचा. नाही. तपकिरी पिसाची, करड्या पिसाची, सोनेरी तार घालून, तार न घालता. दुपारची भांडी आवरली की आम्ही टेबलाशी बसायचो. माझा हात हळूहळू सुधारत होता हे मलाही दिसत होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. दरवेळी ते आशेने पुढे वाकायचे, माशी हातात घ्यायचे, आणि चेहरा उतरायचा. त्यांनी स्वतः बांधलेल्या माश्यांचा जुना डबा मी पुढे केला, म्हटलं यातली दाखवा. त्यांनी एकेक बघून सगळ्या परत ठेवल्या. म्हणजे त्यांना हवी होती ती माशी त्या डब्यातही नव्हती.

एकदा त्यांचा धीर सुटला. त्यांनी डावा हात टेबलावरून असा फिरवला की पिसं, दोरे, हुकांच्या डब्या सगळं खाली. बारीक हूक फरशीभर पसरले. ते अनवाणी होते. मी ओरडून म्हटलं, "हलू नका," आणि फ्रिजवर चिकटवलेलं लोहचुंबक काढून जमिनीवर फिरवत बसले. हूक एकेक करून चुंबकाला चिकटत होते. वर बघितलं तर ते रडत होते. मी अर्थ लावायचा नाही असं ठरवलं आणि हूक वेचत राहिले.

बाईंनी कागद आणि जाड पेन्सिल दिली. डाव्या हाताने त्यांनी खूप वेळ लावून एक रेघ काढली. सरळ येऊन खाली वळणारी, आणि वळल्यावर थोडी वर आलेली. मी फोटो काढून मुलीला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"आई, हा हूक आहे. मतलब, सरळ दिसतोय. बाबांनी हूक काढलाय."

"हूक तर समोरच असतो गं. तो कशाला काढतील?"

मग मी तो फोटो तीर्थनच्या काठच्या भैयांना पाठवला. भैया म्हणजे यांचा तिथला जोडीदार, यांच्याच वयाचा, नदीकाठी चार खोल्यांचं विश्रामगृह चालवणारा. आम्ही दोघंही त्यांना भैयाच म्हणत असू. इतकी वर्षं दोघे एकत्र पाण्यात उभे राहिलेले. त्यांनी संध्याकाळी फोन केला. "मैडम जी, ये तो नदी का मोड़ है. पुल के नीचे वाला. साब को वहीं अच्छा लगता था."

मी यांना विचारलं, "पुलाखालचं वळण?"

ते माझ्याकडे बघत राहिले आणि डोळे मोठे झाले. "मतलब," ते म्हणाले, दोनदा, आणि माझं मनगट धरलं.

तेवढ्यावर मी ठरवलं. मुलगी फोनवर चिडली. "एवढा घाटाचा रस्ता, आई. तिकडे काही झालं तर हॉस्पिटल कुठे आहे? आणि मान हलवली म्हणजे हो असं कुठे असतं, तूच सांगतेस ना?" तिचं बरोबर होतं. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी औषधं वाढवून दिली आणि जायला हरकत नाही म्हटलं. पावसाळ्यानंतर पाणी निवळतं म्हणून आम्ही दसरा झाल्यावर निघालो. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे गाडी, मध्ये दोन मुक्काम करत. घाटात ते खिडकीबाहेर बघत होते आणि शांत होते. मला खूप दिवसांनी बरं वाटत होतं, हे मी कबूल करते.

वळणावर पोचायला वाहत्या पाण्याशेजारून गोटे तुडवत जावं लागतं. भैया आणि त्यांच्याकडचे दोघे जण यांना खुर्चीसकट उचलून घेऊन गेले. प्लास्टिकची खुर्ची सपाट दगडावर ठेवली, पायांवर घोंगडी टाकली. पाणी हिरवं आणि इतकं नितळ की तळातले गोटे मोजता यावेत. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी नदी वरपासून खालपर्यंत बघितली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

भैयांनी विचारलं, "साब, यही है न?"

त्यांनी मान हलवली. हो अशी. मग समोरच्या काठाकडे बोट केलं, मग भैयांच्या हातातल्या गळाच्या काठीकडे, मग माझ्याकडे. "मतलब."

भैयांनी मी बांधलेला भुंगा दोरीला लावला आणि फेकला. दोरी हवेत लांब जाऊन पाण्यावर टेकली. दोन-तीनदा काही नाही, मग पाण्यात एक चमक उठली आणि काठी वाकली. माझ्या हातची माशी माशाने घेतली होती. भैयांनी हात ओले करून मासा आणला, तपकिरी, अंगावर लाल ठिपके, आणि यांच्यासमोर धरला. यांनी डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या पाठीवरून फिरवली. मग मान हलवली. नाही. मासा पाण्यात परत गेला.

"दूसरी लगाऊँ, साब?" भैयांनी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डबा ढकलला आणि पुन्हा माझ्याकडे बोट केलं.

मी काठी हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. भैयांनी मनगट कसं ठेवायचं ते दाखवलं. मी फेकली ती दोरी मागच्या झाडात जाऊन अडकली. सोडवून पुन्हा फेकली, ती माझ्याच शालीत गुंतली. मागून आवाज आला. मी वळले तर ते हसत होते. तोंड वाकडं, खांदे हलत होते, पण हसत होते. मीही हसले, भैयाही हसले. आणि आमचं हसणं संपायच्या आत त्यांचं रडणं झालं होतं. केव्हा झालं ते मला कळलं नाही. मी काठी टाकून जवळ गेले. "काय हवंय तुम्हाला? मी काय करू ते तरी सांगा."

त्यांनी आपल्या चालायच्या काठीचा आधार घेतला आणि उठले. मला वाटलं खोलीवर जायचं असेल. पण ते पाण्याकडे वळले. मी दंड धरला. त्यांनी झटकला. एवढा जोर त्यांच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि शेवाळावरून उजवा पाय सरकला. ते बसले ते पाण्यातच, छातीपर्यंत. भैया बुटांसकट धावले, मी धावले. ते पाणी किती थंड असतं ते मी इतकी वर्षं काठावर बसून कधी बघितलं नव्हतं. आम्ही दोघं त्यांना ओढत होतो आणि ते उलट्या दिशेला ओढत होते, पलीकडच्या काठाकडे बघत, तेच म्हणत.

"नाही," मी म्हटलं. "नाही जायचं. ऐका माझं."

मग त्यांनी अंग सैल सोडलं. आम्ही त्यांना बाहेर काढलं.

खोलीवर गरम पाणी, दोन रजया, आल्याचा चहा. लागलं काहीच नव्हतं. भैया कपडे बदलून आले आणि दारातच थांबले. "मुझे लगा था वही मोड़ है, मैडम जी. मुझे अब भी लगता है." मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही. त्यावर त्यांनी विचारलं, "उस पार क्या है, आपको पता है?" मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. पलीकडे झाडं होती, थोडं गवत होतं. माशी हवी होती, की पलीकडे जायचं होतं, की मला काही दाखवायचं होतं, की नुसतं पाण्यात उभं राहायचं होतं? आम्ही दोघं त्यांना सगळ्यात जास्त ओळखणारी माणसं, दारात उभे राहून अंदाज करत होतो, आणि ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सगळं ऐकत असणार.

पुढचे दिवस त्यांनी नदीकडे जायला नकार दिला. ओसरीवर उन्हात बसायचे, राजमा-भात नीट खायचे. आम्ही ठरल्या दिवशी परत आलो.

घरी आल्यावर त्यांनी काही मागितलं नाही. मी टेबलाशी बसले तर ते आपली खुर्ची टीव्हीकडे वळवून घेत. दिवाळीला मुलगी आली, तिने टॅबलेटवर चित्रांचा कसलासा कार्यक्रम आणला होता; चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलला जातो. नदी, मासा, पाणी, घर. ती त्यांच्यासमोर बसून एकेक चित्र दाखवत होती. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "आई, कदाचित बाबांना काही नकोच असेल. मतलब, आपणच काहीतरी लावत बसतो. ते तो एकच शब्द बोलतात आणि आपण त्याच्यात सगळं भरतो."

"हात धरला होता त्यांनी माझा," मी म्हटलं.

"हो, पण..." ती म्हणाली. चकली तळायची राहिली होती, ती तळली. तिचं खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता आलं नाही, आणि खरं आहे हे मला मान्य करता येत नव्हतं.

मी अजून माश्या बांधते. का ते मला धड सांगता येणार नाही. हाताला सवय झाली आहे आणि दुपार मोठी असते. डबीभर झाल्या की कुरियरने भैयांना पाठवते. परवा त्यांचा फोन आला. नदीवरूनच बोलत होते. म्हणाले, तुमचं घुंगुरटं चाललं, सकाळपासून तीन मासे लागले. मग म्हणाले, "साब जाग रहे हैं? उनको दीजिए. कुछ बोलूँगा नहीं. बस नदी सुना देता हूँ." व्हिडिओ लागेल एवढं नेटवर्क तिथे मिळत नाही.

मी फोन यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी कानाला लावला. टीव्हीचा आवाज मी बंद केला. ते समोर बघत ऐकत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं, मला दिसेल असं तरी. थोड्या वेळाने त्यांनी फोन कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला.

मी ऐकलं. नुसती खरखर होती, स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी, मध्येच वाऱ्याचा धक्का. भैया पलीकडे गप्प होते. ऐकणारे साबच आहेत असं समजून पाण्यावर हात लांब करून उभे असतील. फोन कधी ठेवायचा ते मला कळेना. यांनी डोळे मिटले होते. मी काही न बोलता तशीच कानाला लावून बसले.